दैवी म्हणण्यापूर्वी

मोठ्या कलावंतांविषयी बोलताना आपण दोन शब्द हमखास वापरतो. एक 'दैवी' आणि दुसरा 'विक्षिप्त'. गाणे आवडले की गळा दैवी ठरतो आणि कार्यक्रम रद्द झाला की तोच कलावंत विक्षिप्त ठरतो. मारिया कॅलास या ग्रीक गायिकेच्या वाट्याला हे दोन्ही शब्द भरपूर आले. इटलीतले रसिक तिला 'ला दिवीना', म्हणजे दैवी स्त्री, म्हणत. वर्तमानपत्रे तिला वाघीण म्हणत. तिचे चरित्र वाचत गेले तसे मला वाटू लागले, की वरवर उलट दिसणारे हे दोन्ही शब्द एकच काम करतात. तिने केलेले कष्ट ते झाकून टाकतात. या लेखात मला ते कष्ट दाखवायचे आहेत.

आधी थोडा खुलासा. ऑपेरा हा प्रकार आमच्या घरी कुणाच्या कानावरून गेलेला नाही. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. मी मोबाइलवर कॅलासचे गाणे लावले, तेव्हा आजीने हातातले निवडणे थांबवून विचारले, की ही बाई कशासाठी रडते आहे. आजीला इटालियन येत नाही आणि मलाही येत नाही. पण गाणारी बाई खरोखरच दुःखात होती, तो प्रसंगच तसा होता. शब्द न कळता अर्थ कळावा, हे साधते कसे? या प्रश्नाने मी कॅलासच्या मागे लागले.

ज्यांना ऑपेरा ठाऊक नाही त्यांनी आपले संगीत नाटक आठवावे. फरक एवढाच, की संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि मधूनमधून पदे येतात. ऑपेरात बहुतेक वेळा सुरुवातीपासून अखेरपर्यंत सगळे गाण्यातच चालते. भांडण गाण्यात, प्रेम गाण्यात आणि मरणही गाण्यात. रंगमंचापुढच्या खळग्यात साठ-सत्तर वादकांचा ताफा वाजवीत असतो. गायकापुढे मायक्रोफोन नसतो. त्या वाद्यांच्या वर चढून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याच्या आणि दमाच्या बळावर पोहोचवायचा असतो. स्त्रियांच्या आवाजांतल्या सर्वांत उंच पट्टीच्या आवाजाला सोप्रानो म्हणतात. कॅलास सोप्रानो होती.

मारियाचा जन्म २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कला झाला. आईवडील ग्रीक. त्याच वर्षी ते देश सोडून अमेरिकेत आले होते. वडील औषधांच्या दुकानाचा व्यवसाय करीत. कालोयेरोपुलोस हे मूळचे लांबलचक आडनाव अमेरिकन माणसांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचे कॅलास झाले. मारियाच्या आधी या जोडप्याला एक मुलगी आणि एक मुलगा झाला होता. मुलगा लहानपणीच आजाराने गेला. आईला त्याच्या जागी पुन्हा मुलगाच हवा होता. मुलगी झाली असे कळल्यावर तिने काही दिवस बाळाकडे पाहिलेसुद्धा नाही, असे सांगतात. ही हकिकत न्यूयॉर्कची आहे हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्याकडच्या कोणत्याही गावात ती घडू शकली असती.

पुढे याच आईला मुलीच्या गळ्यातले मोल कळले. मग तिने मारियाला गाण्याच्या स्पर्धांत उभे करायला सुरुवात केली. मुलीचे बालपण त्यात हरवले आणि आईविषयीची अढी मनात बसली ती कायमची. नवराबायकोचे पटत नव्हते. १९३७ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन अथेन्सला परतली. मारिया तेव्हा तेरा वर्षांची होती. तिचे शाळेचे शिक्षण आठवीला थांबले. पुढच्या आयुष्यात ती ग्रीक, इंग्रजी, इटालियन आणि फ्रेंच या चारही भाषांत व्यवहार करीत असे. पण त्या चारांपैकी एकीतही तिने कॉलेज पाहिले नव्हते.

अथेन्समध्ये ती आधी मारिया त्रिवेल्ला यांच्याकडे शिकली आणि मग १९३९ मध्ये तिला खरी गुरू भेटली. एल्व्हिरा दे इदाल्गो या मूळच्या स्पेनच्या. मोठमोठ्या नाट्यगृहांतून गाऊन त्या अथेन्सच्या संगीतविद्यालयात शिकवीत होत्या. त्यांच्यापुढे जी मुलगी येऊन उभी राहिली ती स्थूल होती, चेहऱ्यावर पुटकुळ्या होत्या आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. आवाज मोठा होता, पण बेलगाम होता. इदाल्गोबाईंनी तिला पदरात घेतले. मारिया सकाळी विद्यालयात येई आणि संध्याकाळी शेवटच्या विद्यार्थ्याबरोबर बाहेर पडे. आपला पाठ झाला की घरी जाण्याऐवजी ती एका बाजूला बसून इतरांचे पाठ ऐके. पुरुषांच्या आवाजासाठी लिहिलेले भागही ऐके. कमी कुवतीच्या विद्यार्थ्याकडूनही काहीतरी शिकता येते, अशी तिची धारणा होती.

तिची दृष्टी अधू होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑपेरात वाद्यवृंदाचा संचालक समोर उभा राहून हातातल्या छडीने ताल आणि लय दाखवीत असतो. गायकाचा एक डोळा सतत त्याच्याकडे असतो. कुठे उचलायचे आणि कुठे थांबायचे हे तो सांगतो. रंगमंचावर चष्मा लावता येत नसे आणि चष्म्याशिवाय मारियाला संचालक दिसत नसे. मग तिने काय करावे? तिने सगळा ऑपेरा पाठ करायला सुरुवात केली. फक्त आपला भाग नव्हे. सोबतच्या गायकांचे भाग आणि वाद्यांच्या जागासुद्धा. कुणाच्या खुणेची गरजच उरू नये इतकी तयारी. आम्ही मुले परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडमधली दहा उत्तरे पाठ करतो आणि अकरावा प्रश्न आला की पेपर कठीण होता म्हणतो. मारियाचे पाठांतर वेगळ्या जातीचे होते. तिला संपूर्ण पुस्तक येत होते, म्हणून ती त्यात मोकळेपणाने वावरू शकत होती.

शिक्षण चालू असतानाच युद्ध आले. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरले. त्या वर्षीच्या हिवाळ्यात ग्रीसमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे उपाशी मेली. अशा दिवसांत ही मुलगी गात होती. १९४१ च्या आरंभी तिला ग्रीक राष्ट्रीय ऑपेरात एक लहानशी भूमिका मिळाली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये एका गायिकेच्या जागी तिला पुच्चीनीच्या 'तोस्का'मध्ये नायिका म्हणून उभे राहावे लागले. तेव्हा तिला एकोणिसावे सरलेले नव्हते. आज मी एकोणीस वर्षांची आहे. वर्गात उभे राहून निबंध वाचायचा तरी माझा घसा कोरडा पडतो. म्हणून हा आकडा मला नुसता सनावळीतला आकडा वाटत नाही. १९४४ मध्ये अक्रोपोलिसच्या पायथ्याशी असलेल्या प्राचीन दगडी नाट्यगृहात तिने बेथोव्हेनच्या 'फिदेलिओ'त प्रमुख भूमिका केली.

युद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये ती वडिलांकडे न्यूयॉर्कला गेली. अथेन्समध्ये नायिका म्हणून गाजलेल्या या मुलीला अमेरिकेत दोन वर्षे कुणी उभे केले नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिने आवाज ऐकवला, पण तिथे गाण्याचा योग जमला नाही. शिकागोत एक नवी कंपनी निघत होती. तिने मारियाला 'तुरान्दोत'साठी घेतले. पण पडदा वर जाण्यापूर्वीच, १९४७ च्या सुरुवातीला, ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. चरित्रकार ही दोन वर्षे दोन परिच्छेदांत संपवतात. जिने ती काढली तिला मात्र पुढे काय होणार हे माहीत नव्हते. त्या काळात ती घरी बसून रियाज करीत राहिली.

नशीब उघडले ते इटलीत. व्हेरोना गावी रोमन काळातले प्रचंड खुले रंगण आहे. तिथे २ ऑगस्ट १९४७ रोजी ती 'ला जोकोंदा' या ऑपेरात गायली. संचालक होते तुल्लिओ सेराफिन, इटालियन ऑपेराची दोन पिढ्यांची परंपरा ज्यांच्या बोटांत होती असे वयोवृद्ध संगीतकार. इदाल्गोबाईंनंतर तिला भेटलेले हे दुसरे गुरू. शब्द, स्वर आणि अभिनय या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हालचाल कोणती करायची तेसुद्धा संगीतातच लिहिलेले असते, ही दृष्टी तिला सेराफिन यांनी दिली. व्हेरोनातच तिला जोव्हान्नी बात्तिस्ता मेनेगिनी भेटले. विटांच्या धंद्यातले हे श्रीमंत गृहस्थ तिच्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठे होते. एप्रिल १९४९ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि पुढे तिचे व्यवहारही तेच पाहू लागले.

लग्नाच्या तीन महिने आधी व्हेनिसला जे घडले त्याने तिचे नाव इटलीभर झाले. जानेवारी १९४९ मध्ये ती तिथल्या 'ला फेनिचे' नाट्यगृहात वाग्नरच्या 'डी वॉल्क्यूरे'मध्ये ब्रुनहिल्डची भूमिका करीत होती. ही वीरांगनेची भूमिका. तिला भारदस्त, पोलादी आवाज लागतो. त्याच नाट्यगृहात लगेच बेल्लिनीचा 'ई पुरितानी' व्हायचा होता. त्यातली एल्व्हिरा कोवळी, वेडी झालेली मुलगी. आपल्या तानांसारख्या झरझर वर-खाली धावणाऱ्या स्वरमालिका तिच्या तोंडी आहेत. हे दोन आवाज एका गळ्यात असू शकत नाहीत, अशी त्या वेळची समजूत होती. एल्व्हिरा करणारी मार्गेरिता कारोझिओ ही गायिका आजारी पडली. सेराफिन यांनी मारियाला ती भूमिका करायला सांगितले. मारियाला तिच्यातले एखाददुसरे गाणे सोडल्यास काही येत नव्हते. जेमतेम आठवडा हातात होता आणि त्या आठवड्यात ब्रुनहिल्डचे प्रयोगही चालूच होते. दिवसा ती नवी भूमिका शिके आणि प्रयोगाच्या रात्री वाग्नर गाई. १९ जानेवारीला ती एल्व्हिरा म्हणून उभी राहिली. व्हेनिसच्या रसिकांना आपण ऐकतो आहोत ते खरे वाटेना.

लोक या घटनेला चमत्कार म्हणतात. पण आठ दिवसांतला हा चमत्कार दहा वर्षांच्या तयारीवर उभा होता. अथेन्सच्या त्या वर्गात इदाल्गोबाईंनी तिच्या जड आवाजाला मुद्दाम हलक्या, चपळ चिजांचा रियाज दिला होता. दुसऱ्यांचे पाठ ऐकत बसलेल्या मुलीच्या कानात ते सगळे साठत गेले होते. मागणी आली त्या दिवशी माल कोठारात होता, एवढेच.

यानंतर तिची खरी आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू झाली. १९४९ मध्येच ती अर्जेंटिनात बुएनोस आयरेसला गायली. १९५० पासून मेक्सिको सिटीत गायली. ७ डिसेंबर १९५१ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाच्या मोसमाचे उद्घाटन तिने व्हेर्दीच्या ऑपेराने केले. इटलीत यापेक्षा मोठा मान नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ती 'नोर्मा' गायली. १९५४ मध्ये शिकागो, १९५५ मध्ये बर्लिन, १९५६ मध्ये व्हिएन्ना. आणि २९ ऑक्टोबर १९५६ रोजी, अकरा वर्षांपूर्वी जिथे काही जमले नव्हते त्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये, पुन्हा 'नोर्मा'. जन्मगावी ती इटलीची मोठी गायिका म्हणून आली.

पण गावांची यादी म्हणजे कर्तृत्व नव्हे. कॅलासने काय केले, असे मला कुणी विचारले तर मी सांगेन, की तिने अडगळीतले संगीत माजघरात आणले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोस्सिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती यांनी लिहिलेल्या ऑपेरांना 'बेल कांतो', म्हणजे सुंदर गायन, म्हणतात. विसाव्या शतकात त्यांतले थोडेच रंगमंचावर उरले होते आणि तेही गळ्याची करामत दाखवण्यापुरते. तानांना अर्थ असतो हे बहुतेक जण विसरले होते. कॅलासने त्या तानांना अर्थ दिला. वेडी मुलगी तान घेते ती तिचे मन सुटले आहे म्हणून, राणी तान घेते ती संतापाने. टाळ्यांसाठी कुणीच घेत नाही. केरुबिनीचा 'मेदेआ' तिने १९५३ मध्ये फ्लॉरेन्सला आणि मग ला स्कालात उभा केला. दोनिझेत्तीचा 'आन्ना बोलेना' १९५७ मध्ये ला स्कालात केला. तिच्यानंतर जोन सदरलँड, मोन्सेरात काबाये यांसारख्या गायिका त्या वाटेने गेल्या आणि आज जगभरच्या नाट्यगृहांत हे ऑपेरा पुन्हा होत असतात. लंडनच्या १९५२ च्या त्या 'नोर्मा'त दासीची छोटी भूमिका तरुण सदरलँडनेच केली होती. शिकण्याची परंपरा अशीही चालते.

तिचा आवाज गोड होता का? याविषयी जाणकारांचे एकमत कधीच झाले नाही. खालचा, मधला आणि वरचा असे तीन वेगळे आवाज एकत्र शिवल्यासारखे वाटत. काही स्वरांना धातूची धार होती. त्याच काळात गाणाऱ्या रेनाता तेबाल्दीचा आवाज कितीतरी मखमली होता आणि मिलानच्या रसिकांत कॅलासवाले आणि तेबाल्दीवाले असे तट पडले होते. माझे स्वतःचे मत विचाराल, तर पहिल्यांदा ऐकताना मला तेबाल्दी अधिक गोड वाटली. पण चार दिवसांनी मनात राहिली ती कॅलास. आपल्या आवाजातला खडबडीतपणा तिने लपवला नाही. तो भूमिकेच्या कामी लावला. १९५३ मध्ये मिलानला ध्वनिमुद्रित झालेला तिचा 'तोस्का' ऐकावा. सोबत ज्युसेप्पे दी स्तेफानो आणि तितो गोब्बी, संचालक व्हिक्तोर दे साबाता. सत्तर वर्षे उलटून गेली तरी ती मुद्रिका विकली जाते आणि नव्या 'तोस्का'ची तुलना तिच्याशीच होते.

१९५३-५४ च्या सुमारास तिने आपले वजन सुमारे पस्तीस किलोंनी कमी केले. क्षयाने मरणारी नायिका रंगमंचावर खरी वाटावी, हा त्यात एक हेतू होता. मे १९५५ मध्ये लुकिनो व्हिस्कोंती यांच्या दिग्दर्शनाखाली ला स्कालात तिने 'ला त्राव्हियाता' केला, तो ऑपेराच्या इतिहासातला एक मानदंड मानला जातो. मात्र वजनाबरोबर आवाजाचा आधारही गेला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कोवळ्या वयात तुरान्दोत, ब्रुनहिल्ड अशा गळा पिळून काढणाऱ्या भूमिका केल्याचा हा परिणाम, असेही काही म्हणतात. कारण काहीही असो, १९५७-५८ पासून तिचे वरचे स्वर थरथरू लागले. म्हणजे तिची पुऱ्या भराची कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची आहे.

नेमक्या याच काळात 'विक्षिप्त' हा शब्द तिला चिकटला. तो कसा चिकटला ते पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९५७ मध्ये ला स्कालाच्या मंडळींबरोबर ती एडिंबरोला गेली. तिचा करार चार प्रयोगांचा होता. व्यवस्थापनाने तिला न विचारता पाचवा प्रयोग जाहीर केला. ती करार संपल्यावर परतली आणि वर्तमानपत्रांनी ती पळून गेल्याचे छापले. व्यवस्थापनाने खरी गोष्ट लोकांना सांगितली नाही. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये 'नोर्मा'च्या प्रयोगाला इटलीचे राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी ग्रोंकी आले होते. मारिया आजारी होती, तिच्या जागी उभी करायला दुसरी गायिका ठेवलेली नव्हती आणि पहिल्या अंकानंतर तिचा आवाज बसला. ती पुढे गाऊ शकली नाही. राष्ट्राध्यक्षांचा अपमान केला म्हणून देशभर गदारोळ झाला. पुढे कोर्टाने निकाल तिच्या बाजूने दिला, पण तो १९७१ मध्ये! त्याच वर्षी, १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये, मेट्रोपॉलिटनचे प्रमुख रुडॉल्फ बिंग यांनी तिचा करार रद्द केला. जड आवाजाची लेडी मॅकबेथ आणि हलक्या आवाजाची व्हियोलेत्ता या भूमिका थोड्या दिवसांच्या अंतराने आलटूनपालटून गायला ती तयार नव्हती.

तिचा स्वभाव मऊ होता असे मी म्हणणार नाही. ती कठोर बोलत असे. १९५० नंतर तिने आईचे तोंड पाहिले नाही, हेही खरे. पण वरच्या तीनही प्रसंगांत ती काय मागत होती? ठरलेल्या कामापेक्षा जास्त काम न सांगता लादू नये, आजारपणात गायला लावू नये आणि गळ्याला झेपेल असे वेळापत्रक असावे. कारखान्यातल्या कामगाराने हेच मागितले तर आपण त्याला हक्क म्हणतो. तिच्या बाबतीत मात्र 'दैवी' हा शब्द आड आला. देवीने आजारी कसे पडायचे?

१९५९ च्या उन्हाळ्यात ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनासिस यांच्या 'क्रिस्तिना' नौकेवर ती नवऱ्यासह सफरीला गेली. विन्स्टन चर्चिलही त्या सफरीत होते. सफरीनंतर तिने मेनेगिनींना सोडले. पुढच्या नऊ वर्षांवर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली आहेत आणि त्यांत गाणे कमी, गप्पा जास्त आहेत. १९६८ मध्ये ओनासिस यांनी जॅकलीन केनेडी यांच्याशी लग्न केले, एवढे सांगून मी पुढे जाते. या काळातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १९६० मध्ये एपिदाव्ह्रोसच्या प्राचीन ग्रीक रंगभूमीवर तिने 'नोर्मा' आणि १९६१ मध्ये 'मेदेआ' केला. त्या वेळचे मानधन तिने तरुण कलावंतांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकले. आठवीनंतर शाळा सुटलेल्या बाईने शिष्यवृत्ती ठेवली! शिष्यवृत्तीच्या अर्जाला कागद जोडताना कशी धावपळ होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले मोल सांगायला नको.

१९६४ मध्ये लंडनला फ्रांको झेफिरेल्ली यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तोस्का'त ती पुन्हा एकदा तळपली. मे १९६५ मध्ये पॅरिसला 'नोर्मा'च्या शेवटच्या प्रयोगात मात्र तिला अखेरचा प्रवेश गाता आला नाही. ५ जुलै १९६५ रोजी ती लंडनला 'तोस्का' गायली. ऑपेराच्या रंगमंचावरचे तिचे ते शेवटचे पाऊल. वय अवघे एक्केचाळीस. व्हेरोनापासून मोजले तर अठरा वर्षे होतात.

त्यानंतर ती पॅरिसला एकटी राहिली. पाझोलिनी यांच्या 'मेदेआ' चित्रपटात तिने न गाता काम केले. १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतविद्यालयात निवडक पंचवीस विद्यार्थ्यांना तिने शिकवले. त्या वर्गांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. ती ऐकताना मला आश्चर्य वाटले. स्वतःच्या मोठेपणाविषयी ती जवळजवळ बोलतच नाही. शब्द नीट उच्चारा, स्वर जेवढ्या लांबीचा लिहिला आहे तेवढाच धरा, वाक्य कुठे चालले आहे ते पाहा, अशा बारीकसारीक सूचना ती न कंटाळता करते. वाघीण म्हणून जिची ख्याती, ती बाई एखाद्या चांगल्या शिक्षिकेसारखी वही तपासत बसलेली दिसते. अथेन्समधल्या कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या मुलीने जे गोळा केले होते, ते ती इथे वाटून टाकीत होती.

१९७३-७४ मध्ये दी स्तेफानोबरोबर तिने जगभर मैफलींचा दौरा काढला. आवाज उरला नव्हता, तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. ११ नोव्हेंबर १९७४ रोजी जपानमधल्या साप्पोरो शहरी ती शेवटची जाहीरपणे गायली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसच्या घरी हृदयविकाराने तिचा अंत झाला. वय त्रेपन्न. तिची रक्षा १९७९ मध्ये एजियन समुद्रात सोडण्यात आली. अमेरिकेत जन्मलेली, इटालियनमध्ये गायलेली, फ्रान्समध्ये वारलेली ही बाई अखेर ग्रीसच्या पाण्यात मिसळली. २०२३ मध्ये तिच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा अथेन्समध्ये तिच्या नावाचे संग्रहालय उघडले. २०२४ मध्ये तिच्या अखेरच्या दिवसांवर चित्रपटही आला.

हे सारे लिहिताना मैत्रिणींनी मला विचारले, की आपल्या लताबाई सोडून ही परकी बाई कशाला? माझे उत्तर असे. आमच्यासारख्या घरांतून 'दैवी' हा शब्द फार जपून वापरायला हवा. कुणी चांगले गायले, कुणी पहिला आला, कुणी इंग्रजी सफाईने बोलले, की आम्ही म्हणतो ती देवाची देणगी, ते त्यांच्या रक्तातच आहे. असे म्हटले की आपली सुटका होते. रक्तात नाही म्हणून प्रयत्नही नको! त्यात दुसऱ्याचे कौतुक असते, पण आपल्या हाताने आपल्यापुढे लावलेले कुलूपही असते. कॅलासच्या गळ्यात देणगी नव्हती असे कोण म्हणेल? पण ती देणगी उघडायला तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या वर्गात बसावे लागले, आणि बसू देणारी गुरू लाभावी लागली. या दोन गोष्टींपैकी पहिली आपल्या हातात आहे. दुसरीसाठी या अंकाचे वाचक असलेल्या प्राध्यापकवर्गाकडे आम्ही आशेने पाहतो. तास संपल्यावरही मागच्या बाकावर कुणी बसून राहिले असेल, तर दिवा एवढ्यात मालवू नये, इतकीच विनंती.

(द्वितीय वर्ष कला)